लकडगंजातल्या दोन बोटी

समोरून येणारी बोट म्हणजे मोठीमाय, ताराचंदची थोरली काकू, होती आणि ती वळायला तयार नव्हती.

"मी थोरली आहो," भागीरथाबाईंनी अंगणाच्या त्या टोकावरून पुतण्याला, म्हणजे ताराचंदला बजावलं. "धाकट्या जावेसाठी मी काहून वळू? तिले सांग वळाले."

"त्याईले म्हण, मी आधी निघाली," या टोकावरून गोपिकाबाईंनी, त्याच्या आईनं, निरोप दिला.

दोघींमध्ये अंतर हाकेचंसुद्धा नव्हतं, पण बोलणं सगळं ताराचंदमार्फत. आंब्याच्या दिवसांत लोणच्याच्या बरणीत कुणाचा तरी ओला हात गेला, बुरशी आली आणि एका अंगणातल्या दोन घरांत अबोला सुरू झाला. परवाच्या संक्रांतीला तिळगूळही ताराचंदच्याच हाती गेला. 'गोड बोला' हेसुद्धा बिचाऱ्याला दोन्हीकडून म्हणावं लागलं.

त्याची अडचण वेगळीच होती. जहाजावरची उमेदवारी झाली होती, आता मुंबईला अधिकारी होण्याची तोंडी परीक्षा. मागच्या खेपेला तो एकाच प्रश्नावर आपटला होता. अंधारात समोरून जहाज येतंय, त्याचे लाल-हिरवे दोन्ही दिवे दिसताहेत, तर काय कराल? कायदा सांगतो, दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळा. कायदा त्याला झोपेतही पाठ होता. पण सायकल शिकला होता नागपुरात. समोरून काही आलं की हात आपसूक डावीकडे जायचा. परीक्षकापुढच्या टेबलावर त्यानं लाकडी जहाज डावीकडे वळवलं आणि कोरड्या टेबलावरच बुडाला. पुन्हा तसं झालं तर समुद्राला कायमचा रामराम, आणि तो कसा ठोकायचा ते त्याला माहीत नव्हतं.

म्हणून हा घाट. त्याचे बाबा लाकडाच्या टालीवर मुनीम होते. तिथून चार बॅटऱ्या आणून त्यानं काचांवर उरलेल्या पतंगांचा कागद बांधला. डाव्या हातात लाल, उजव्या हातात हिरवी. पोरगा पास व्हावा म्हणून दोघी हौसेनं बोटी झाल्या. दुसरी बोट कोण, हे मात्र त्यानं दिवेलागणीपर्यंत दोघींपासूनही लपवून ठेवलं होतं.

"समुद्रावर थोरली-धाकटी नसते," तो समजावू लागला. "समोरासमोर आल्यावर दोघींनीही आपापल्या उजवीकडे वळाचं. आधी वाट मिळाचा मान कोणाचाच नाही."

"मान नाही?" भागीरथाबाईंना हा कायदा फारच सैल वाटला. "मंग तो समुद्र चालते कसा?"

तरीही बोटी निघाल्या. गोपिकाबाईंच्या मागे त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून कप्तान ताराचंद. समोरून लाल आणि हिरवा, दोन्ही दिवे थेट त्याच्यावर चालून येत होते. कायदा पाठ होता. हुकूम द्यायची वेळ झाली.

"डावीकडे!" तो ओरडला.

गोपिकाबाई आज्ञाधारकपणे डावीकडे वळल्या. आणि भागीरथाबाई, ज्या वळणार नव्हत्या, त्या ऐन वेळी कायद्याप्रमाणे आपल्या उजवीकडे वळल्या. दोघींची डोकी ठणकन आपटली. एक बॅटरी उडून तुळशीपाशी पडली.



"लागलं का जाऊबाई?" गोपिकाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

भागीरथाबाई कपाळ चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "लागन नाही तं काय! तुह्यं डोकं हाये का टालीवरचं सागवान?"

गोपिकाबाईंनी पदर तोंडाशी नेला, पण हसू काही पदरात मावेना. भागीरथाबाईही फुटल्या. दोघी एकमेकींचा दंड धरून हसत सुटल्या. ताराचंदला इतका आनंद झाला की तो घटकाभर परीक्षाबिरीक्षा सगळं विसरला. पण बोटी विसरल्या नव्हत्या.

"मी तं उजवीकडेच वळली," भागीरथाबाई म्हणाल्या.

"अन् मले यानं डावीकडे म्हटलं!"

दोघींनी मिळून कप्तानाला धारेवर धरलं. तो परीक्षक परवडला असता. "पुन्हा चाल!" एक म्हणे. "बोल, कोणीकडे?" दुसरी विचारी. दोघी अंगणात येरझारा घालू लागल्या, लाल दिव्याजवळून लाल दिवा जाऊ लागला. आमनेसामने आल्या की काहीतरी बोलायचं राहून गेलेलं असे, ते आधी होई. मग ताराचंदला रागावून, "हं, आता सांग!" त्याचा घसा बसला, पायात गोळे आले, तरी सुटका नाही.

शेवटी चुलीवरचं वरण उतू गेल्याचा वास आला म्हणून बोटी थांबल्या. ताराचंद दोन बॅटऱ्या हातात घेऊन फाटक लावायला निघाला. त्याच वेळी फाटकातून शालिकराम, त्याचे बाबा, सायकल हाती धरून आत आले. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जळणाची थप्पी, मधे बेताची वाट. तोंडासमोर अचानक लाल-हिरवा उजेड आलेला पाहून त्या बापड्यानं जन्माच्या सवयीनं सायकल डावीकडे घेतली.

ताराचंद विचार न करता उजवीकडे वळला.

सायकलचं चाक त्याच्या गुडघ्यावर बसलं. तो थप्पीवर, सायकल त्याच्यावर.

"अरे, आंधळा झाला का गा?" शालिकराम ओरडले.

"पास झाला! पोरगा पास झाला!" दोन्ही जावा एका सुरात ओरडत धावल्या आणि भागीरथाबाईंनी आधी सायकल उचलून बाजूला केली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मुंबईच्या गाडीत बसेपर्यंत याले सायकल देऊ नोका."