वरच्या मजल्यावरची सुनावणी

अपंगांच्या पेन्शनसाठी बेंबळीच्या म्हाळसाबाई पहिल्यांदा कचेरीत आल्या, तेव्हा सुनावणी वरच्या मजल्यावर होती. पोलिओनं वाळलेला पाय ओढत, हातांवर रेटा देत त्या बसत बसत जिना चढल्या. साहेबांनी धापा टाकणाऱ्या बाईकडं एकदा पाहिलं आणि शेरा मारला, 'अर्जदार स्वतः जिना चढून आल्या. नामंजूर.'

अपिलाची तारीख लागायला तीन वर्षं गेली. सुनावणी पुन्हा वरच होती. या खेपेला म्हाळसाबाईंनी खालच्या पायरीवर बूड टेकलं ते टेकलंच.

"मावशी, वर चला. तुमचं नाव पुकारलंय," शिपाई म्हणाला.

"चढले तर माझा पाय धड ठरतोय. न्हाय चढले तर म्या गैरहजर. सायबालाच इचार की, काय करू?"

शिपाई हसू दाबत वर गेला. बराच वेळ कुणीच फिरकलं नाही. मग जिन्यावरून आधी टेबल खाली आलं, त्यामागं खुर्ची, आणि शेवटी फाईल काखेत धरून नवे साहेब. त्यांनी तिथंच बसून सगळं नीट विचारून घेतलं.

"निकालाला अजून महिनाभर तरी लागंल, मावशी," साहेब म्हणाले.

"लागू द्या."

म्हाळसाबाई भिंतीला धरून उठल्या. फाटकाशी कुबड्या घेतलेला एक म्हातारा जिन्याच्या पायऱ्या न्याहाळत थबकला होता.

"दादा, वर कशाला बघायलाव?" त्या लांबूनच ओरडल्या. "सायेब आता खालीच बसतेत!"