वजन कमी पडतं

सुभेदार समाधान यांनी ऑपरेशन थिएटरचा दिवा तीनदा चालू-बंद केला, ऑक्सिजनची नळी ओढून पाहिली आणि पॅडवर खूण केली. डॉक्टर हितेंद्र मुलीच्या बापासारखे त्यांच्या मागे मागे चालत होते.

वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया करणारं त्यांचं जळगावचं छोटं रुग्णालय माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या यादीत यावं, म्हणून धुळ्याहून ही तपासणी आली होती. अर्ज केला होता तो खरं तर एकाच माणसासाठी.

तो माणूस बाहेर दोन खुर्च्या जोडून बसला होता. धरणगावचे पितांबर, निवृत्त हवालदार. झोपेत श्वास अडकायचा. ऑपरेशन लवकर झालं नाही, तर एखाद्या सकाळी ते उठणारच नव्हते. यादीतलं रुग्णालय होतं पुण्याला. "बसमा लोके हासतस, डॉक्टर," तिकडे जायला सांगितलं, तेव्हा एवढंच म्हणून त्यांनी तोंड फिरवलं होतं.

सुभेदार त्यांच्यापाशी थांबले. "वजन किती, हवालदार?"

पितांबरांची मान खाली गेली. "जिनिंगमा गयथू, साहेब. कपाशीना काटावर एकशे बासट भरनू."

सुभेदार हसले नाहीत. पॅडवर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. मग डॉक्टरांना बाजूला घेऊन, पितांबरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "बाकी सगळं चोख आहे. फक्त वजन कमी पडतं तुमचं. संध्याकाळपर्यंत मी जळगावातच आहे. तेवढं बघा."

नूतन, डॉक्टरांची बायको, रुग्णालयाचा कारभार सांभाळायची. तिनं ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, दिवसभर लोकांची वजनं उतरवता आणि हे वजन कळेना तुम्हाला? फाईलवर ठेवायचं असतं ते."

हितेंद्रांचे कान तापले. वडील फैजपूरला मास्तर होते. पालकांनी दिलेली केळीची फणीसुद्धा परत पाठवायचे. आज ते नाहीत तेच बरं, असं वाटलं आणि त्या वाटण्याचीही लाज वाटली. पण काचेतून पितांबर दिसत होते. बसल्या जागी डोळा लागला होता आणि घशात काही अडकल्यासारखे ते दचकून जागे होत होते. नूतननं दिलेलं जाड पाकीट हितेंद्रांनी मुकाट्यानं फाईलमध्ये सरकवलं.

फाईल देताना त्यांना वर बघवेना.

"ती सोय केली, साहेब."

"इतक्या लवकर?" सुभेदारांना नवल वाटलं. "कागद आत लावलाय ना?"

"आत आहे."

"झालं तर मग. हवालदाराचं काम होईल आता." त्यांनी फाईल न उघडताच तिची नाडी बांधली आणि डॉक्टरांचा हात हातात घेतला. तो हात डॉक्टरांनी घरी जाऊन दोनदा धुतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याहून फोन आला. सुभेदारांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"डॉक्टर, आमच्या मोठ्या साहेबांनी फाईल माझ्यासमोरच उघडली. आणि मी त्यांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो, की यांचा काटा दीडशे किलोपर्यंतच जायचा, आत नव्या मोठ्या काट्याची पावती आहे."