सातवा लेअर

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमधली रिकामी खुर्ची मी कॉम्प्युटरला जोडलेल्या ग्राफिक्स टॅब्लेटवर काढत होते. चित्राचे एकावर एक रचलेले सहा थर, सहा लेअर, माझे. सातवा रोज आपोआप यायचा. त्यात खुर्चीवर बसलेली एक बाई असायची, मी न काढलेली.

“अगं, फाईलच डिलीट कर ना. खलास!” नवरा, परेश, म्हणाला.

“का म्हणून? चित्र माझंय. तिने जावं.”

आज तिने हात पुढे केला होता. मी टॅब्लेटच्या पेनला इरेजर लावला. हात टॅब्लेटवर, नजर समोरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर, हे मी पहिल्याच दिवशी शिकले होते. तिची बोटं एकेक करून पुसली. पाचवं पुसलं आणि माझं पेन मांडीवर पडलं.

परेश माझ्या उजव्या हाताकडे बघून किंचाळला.

मी खाली बघितलंच नाही. डाव्या हाताने पेन चाचपून उचललं आणि तिचा चेहरा पुसायला घेतला.