तुरटीचं पाणी

“त्या पिंपाला हात लावशील तर याद राख!” गोद्रोंबाई लेकीवर खेकसल्या.

पिंपात तुरटीचं पाणी होतं. पॅरिसच्या त्या नाट्यगृहात मालकांचा हुकूम होता, की बॅले नाचणाऱ्या पोरींनी मलमलीचे घागरे त्यात बुडवून वाळवायचे, म्हणजे गॅसच्या दिव्यांवर ते पेट घेत नाहीत. हुकूम सोडून मालक जेवायला गेले, आणि पोरींनी पिंपाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तुरटीनं मलमल पिवळी पडते, पापडासारखी कडक होते. परी म्हणून उतरलेली मुलगी गोणपाट नेसल्यासारखी दिसते, आणि पुढच्या रांगेतले शौकीन खिदळतात.

“आई, मला भीती वाटते गं,” ओर्तांस म्हणाली. “गेल्या हिवाळ्यात मारियेत कशी पेटली, बघितलंस ना तू?”

“मारियेत वेंधळी होती. आणि तिला मागच्या ओळीत नाचायचं होतं. तुला आज मधोमध उभं राहायचंय. मी इतकी वर्षं या विंगेत लोकर विणत बसले, ती काय तुला गोणपाटात बघायला?”

आईपुढं पोरीचं कधी चाललं नव्हतं. मुख्य नर्तकी झेलीचा पाय मुरगळला म्हणून आजची भूमिका ओर्तांसच्या पदरात पडली होती, आणि अशी संधी दुसऱ्यांदा दार ठोठावत नाही.

पण धास्ती गोद्रोंबाईंनाही होतीच. मारियेतच्या किंकाळ्या त्यांनीही ऐकल्या होत्या. लेकीला दरडावून त्या तडक नर्तकींच्या दालनात गेल्या आणि बाझीलच्या शेजारी जाऊन बसल्या.

बाझील म्हणजे एक वल्ली. हिरवे मोजे, खिशात साखरेत घोळवलेले बदाम, आणि आपण पुढच्या काळातून आलोय असं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगणं. बॅलेचा सगळा इतिहास आपण हिंडून पाहिलाय म्हणे. “म्हातारा वेडा आहे, पण बदाम छान देतो,” असं पोरी म्हणायच्या.

आत्ताही त्याचा दरबार भरला होता. “पूर्वी, म्हणजे तुमच्या पुढच्या काळात,” तो सांगत होता, “बाप्ये इतके तंग कपडे घालून नाचायचे, की शिंप्यानंही तोंड फिरवावं. आणि तुमच्या मागच्या काळात एक राजा होता, तो स्वतःच सूर्य होऊन नाचायचा. टाळी वाजवायला उशीर झाला, की दरबाऱ्याची धडगत नाही!”

पोरी हसत हसत तालमीला पळाल्या. गोद्रोंबाई हसल्या नाहीत. झेलीला यानं आठवडाभर आधी बजावलं होतं, ‘मंगळवारी घोटा सांभाळ.’ आणि मंगळवारीच ती जिन्यावरून पडली होती.

“मस्यू बाझील,” त्यांनी आवाज खाली आणला, “नाचताना जळून मेलेल्या पोरी... त्याही असतील ना तुमच्या इतिहासात?”

“तर! तोंडपाठ आहेत मला. त्यांच्यावरच तर जीव आहे माझा. एकेकीची गोष्ट अशी आहे, मादाम, की माणसं जेवणं विसरून ऐकतात.”

“त्यांत माझी ओर्तांस आहे?”

बाझीलनं बदाम तोंडात टाकला आणि त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं.

“ओर्तांस गोद्रों? नाही बुवा. जळालेल्यांत ती नाही.”

“देवाची शपथ?”

“देवाची शपथ. आज रात्री तिचं असं झालं, की...”

“पुरे, पुरे!” गोद्रोंबाई उठल्यासुद्धा. “मला हवं ते कळलं.”

त्या परतल्या तेव्हा ओर्तांस घागरा छातीशी धरून पिंपाजवळच उभी होती. गोद्रोंबाईंनी घागरा हिसकावून घेतला आणि पिंप पायानं उलथं केलं. ओर्तांस रडली. त्यांनी तिचे डोळे पुसले, गालांना रंग लावला आणि पांढऱ्याशुभ्र मलमलीत तिला उभी केली.

आणि काय सांगावं, त्या संध्याकाळी ओर्तांस नाचली! घागरा तिच्याभोवती धुक्यासारखा तरंगत होता. पहिला अंक संपला तेव्हा शौकीन खुर्च्यांवर चढून ओरडत होते. विंगेत गोद्रोंबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बाझीलही तिथंच होता, आणि सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या पिटत होता.

“आई, बघितलंस?” ओर्तांस धापा टाकत आली. अंक संपेपर्यंत ती दिव्यांपासून अंतर राखूनच होती.

“बघितलं गं माझ्या राणी. केसातलं फूल वाकडं झालंय. ये, उजेडात ये जरा.”

ओर्तांस एक पाऊल दिव्यांकडं सरकली.

आवाज झाला तो एवढाच, कुणी मोठ्यानं फुंकर मारावी तसा. मग ती रंगमंचावर धावत सुटली, आणि धावली तशी आणखी पेटली. आग विझवायला नेमलेल्या माणसानं ओलं कांबळं घेऊन तिला गाठलं तेव्हा मलमलीचं सूतही उरलं नव्हतं. कांबळ्याखाली काही हलत नव्हतं.

गोद्रोंबाईंनी बाझीलची गचांडी धरली. लेकीला धरायला जाताना त्यांचे पंजे भाजले होते.

“खोटारड्या! तू शपथ घेतलीस! जळालेल्यांत ती नाही म्हणालास!”

“नव्हतीच,” बाझील शांतपणे म्हणाला. “मी वाचलेल्या इतिहासात ओर्तांस गोद्रों पहिल्याच रात्री पडली. लोक हसले. तिनं नाच सोडला, रुआं गावात टोप्यांचं दुकान काढलं आणि नातवंडांत म्हातारी होऊन मेली. अशी गोष्ट ऐकायला कोण बसतं, मादाम?”

त्यानं त्यांची बोटं एकेक करून कॉलरवरून सोडवली.

“त्या खेपेला ऐन वेळी तुम्हीच घाबरलात आणि तिचा घागरा स्वतःच्या हातानं तुरटीत बुडवलात. तुम्हाला धीर द्यायला तेव्हा मी नव्हतो.”