शर्वरी काय करते

"शर्वरी ना? टर्बाइनच्या कंपनीत सीनिअर इंजिनिअर आहे ती," लीड्सच्या मराठी मंडळाच्या दुपारच्या जेवणात तिचा नवरा निनाद नव्या पाहुण्यांना सांगत होता. शर्वरीच्या तोंडातलं श्रीखंड एकदम आंबूस, चिकट लागायला लागलं. ती नोकरी सोडून तिला दोन वर्षं होत आली होती. शिक्षकाचं प्रशिक्षण घेऊन ती आता इथल्या सरकारी शाळेत नववीला गणित शिकवत होती. संध्याकाळी घसा बसायचा, पण इतकं समाधान तिला कंपनीत कधी मिळालं नव्हतं.

"मी शाळेत शिकवते," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

परतताना गाडीत निनाद फणफणला. "चारचौघांत माझी शोभा केलीस! निदान आईकडे तरी हा विषय काढू नकोस."

म्हणजे सांगलीला सासूबाईंनाही हा ती इंजिनिअरच असल्याचं सांगत होता! त्याच्या शेजारी बसायचीही तिला किळस आली. तिने तिथूनच फोन लावला.

"आई, मी कंपनी सोडलीय. आता शाळेत शिकवते."

"अगं, ठाऊक आहे मला," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कंपनीने काढून टाकल्यावर माणूस करणार तरी काय? निनादने बजावलं होतं, म्हणून तुझ्याजवळ कधी बोलले नाही हो."

शर्वरीने निनादकडे पाहिलं. तो समोरच्या रस्त्यावरून नजर हलवत नव्हता.

"गाडी थांबव," ती म्हणाली. उतरून तिने दार धाडकन लावलं. फोन अजून कानालाच होता.

"आई, मला कुणी काढलं नाही. आता माझ्या तोंडून ऐका."