हनुवटीखालचा पट्टा

थोरल्याला हेल्मेटचा पट्टा लावायचा म्हणजे अगदी जिवावर यायचं. डोक्यावर टोपलं ठेवल्यासारखं ठेवायचा आणि निघायचा. म्हणून तो दुपारपाळीला निघाला, की आई दारातच दोन्ही हातांनी हेल्मेट धरून हलवून बघे. गाल सोबत ओढले गेले तर नीट बसलं, नुसतंच फिरलं तर सैल.

"मी काय नारळ आहे का, हलवून बघायला?"

"नारळात निदान पाणी तरी असतं."

त्या दुपारी सगळं घर उन्हात पेंगत होतं. थोरला वाकून बुटाच्या नाड्या बांधत होता. हेल्मेट टेबलावर, भिंतीकडे तोंड करून. काच पुसायला तिने ते जवळ ओढलं, तर पट्टा लावलेला. सवयीने तिने ते हलवलं.

आतून काहीतरी मऊ सोबत ओढलं गेलं, झोपलेल्या लेकराच्या गालासारखं.

तिने कडेखाली बोटं नेली. तिथे ऊब होती, आणि ती ऊब संथपणे येत-जात होती.

आवाज न करता तिने हेल्मेट होतं तसं ठेवलं.

"दे इकडे, उशीर होतोय," थोरल्याने हात पुढे केला.

"तू आज बसने जा," ती हळूच म्हणाली. "पट्टा लावायची अक्कल तुझ्यापेक्षा आत जो झोपलाय त्याला जास्त आहे."