क्रियापद राहिलं

दगडावर बाईंचं नाव कोरून झालं होतं. जन्माची तारीख झाली होती, मरणाच्या तारखेची जागा सोडली होती. त्याखाली दोनच शब्द होते : 'हिचे तारण'. पुढचं क्रियापद गेले बारा दिवस अडलं होतं.

आणि बाई समोर स्टुलावर बसल्या होत्या, चांगल्या जिवंत. डॉक्टरांनी उरलेले महिने एका हाताच्या बोटांवर मोजून दाखवले होते. आपण गेल्यावर थडग्यावरचं शुद्धलेखन कोण तपासणार, म्हणून त्या स्वतः पाथरवटाकडे खेपा घालत होत्या. जन्मभर व्याकरण शिकवलेल्या बाईला दुसऱ्या कुणाचा भरवसा कसा वाटावा? त्यातून पाथरवट त्यांचाच विद्यार्थी. शाळेत सगळे उकार ऱ्हस्व काढायचा म्हणून बाईंनी त्याला 'ऱ्हस्व्या' नाव ठेवलं होतं. आता तो पन्नाशीला आला, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं.

"'झाले' कोरा," थोरला लेक म्हणाला.

"'होवो' कोरा," धाकटी लेक म्हणाली.

"घ्या," बाई पुटपुटल्या. "सुरू झाला पाढा."

थोरला पाच वर्षांपूर्वी प्रोटेस्टंट मंडळीत गेला होता. धाकटी कॅथलिक चर्चमधून तसूभर हलली नव्हती. बाई बापड्या सकाळी लेकीबरोबर मिस्साला जायच्या नि संध्याकाळी लेकाबरोबर उपासनेला. बाकं मेली दोन्हीकडची सारखीच टोचायची.

"आईनं विश्वास ठेवला त्या दिवशीच तारण झालं," थोरला म्हणाला. "झालं म्हणजे झालं. 'होवो' लिहायचं म्हणजे प्रभूनं क्रुसावर काम अर्धवट सोडलं म्हणायचं."

"पेपर लिहायच्या आधीच निकाल लावलास होय रे? मेलेल्या माणसासाठीसुद्धा चर्च प्रार्थना करतं. तू 'झाले' कोरून ठेवलंस, तर तिच्यासाठी कोण कशाला हात जोडेल?"

"तारण चर्च देत नाही. ख्रिस्त देतो."

"आणि ख्रिस्त तुला कुणी सांगितला? चर्चनंच ना? का पोस्टानं आला?"

पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली आणि खिशातून विडी काढली. बाईंनी नुसतं बघितलं, तशी ती परत खिशात गेली.

"अरे, मी बसलेय इथं," बाई म्हणाल्या. "पायाला मुंग्या आल्यात माझ्या."

ऐकतंय कोण! धाकटी मेल्यावर आत्मे शुद्ध होतात त्या शुद्धिस्थानावर पोचली होती, थोरला कृपेवर. तो म्हणाला, सत्कर्मांची शिडी लावून कुणी स्वर्गात चढत नाही. ती म्हणाली, हात बांधून बसणाऱ्याला तरी कोण उचलून नेतो? दोघांचंही म्हणणं बाईंना पाठ झालं होतं. मधेच कुणी अडखळलं असतं, तर त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं असतं.

मग थोरला म्हणाला, "'होवो' कोरलंत, तर मी दफनाला येणार नाही."

"'झाले' कोरलंत, तर मीही नाही," धाकटी म्हणाली.

दोघांनी मिळून आपल्यावर मूठभर माती टाकावी, एवढंच बाईंना देवाकडे मागायचं उरलं होतं.

"तारण म्हणे!" त्या एकदम कडाडल्या. "गहाण पडलेय मी तुम्हा दोघांत! एकाचा भूतकाळ, एकीचा आज्ञार्थ. वर्तमानकाळात आहे का रे कुणी माझ्याजवळ? बारा दिवसांत एकानं तरी विचारलं, आई, तू जेवलीस का?"

थोरला बुटानं दगडाची भुकटी सारत राहिला. धाकटीनं पदराचं टोक उगाच बोटाला गुंडाळलं.

"ऱ्हस्व्या, ती जागा मोकळी सोड," बाई म्हणाल्या.

"बाई, वाक्य अपुरं राहील."

"राहू दे. क्रियापद देव घालील, त्याचं व्याकरण या दोघांपेक्षा बरं आहे. तू त्याच्याखाली एक ओळ घे. मोठ्या अक्षरात, या दोघांना चष्म्याशिवाय वाचता यायला हवी."

"सांगा."

"येथे भांडू नये."

"आई!" दोघं एकाच वेळी ओरडली.

"फादर काय म्हणतील?" धाकटी म्हणाली.

"पास्टर काय म्हणतील?" थोरला म्हणाला. "भिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहितात, तसलं थडग्यावर?"

"भिंतीवर लिहिलेलं तरी लोक कधीमधी पाळतात," बाई म्हणाल्या. "लिही रे."

बाईंचा शब्द मोडायची पाथरवटाची शाळेपासून छाती नव्हती. त्यानं खडू घेतला, दोरी धरून रेघ आखली, जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढू लागला. दोघं भावंडं नाइलाजानं दगडापाशी आली. एक या बाजूला वाकला, एक त्या बाजूला.

येथे. मग थोडी जागा. मग भां. मग डु.

"दीर्घ!" दोघंही एकदम खेकसली.

पाथरवटाचा हात जागीच थांबला. थोरल्यानं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं तोंड फिरवलं, पण ओठ आवळून धरायला तिला बरेच कष्ट पडले.

बाई सकाळपासून पहिल्यांदाच भिंतीला नीट टेकून बसल्या.

"झालं का रे?" त्यांनी विचारलं.

"होतंय, बाई," पाथरवट म्हणाला, आणि ओल्या फडक्यानं त्यानं ऱ्हस्व उकार पुसला.